देणगी जावी, हुकूम जाऊ नये

परदुःख शीतल, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण रूढ झाली त्या काळी परदुःख खरोखरच दूर असे. ते कानी येईपर्यंत महिने लोटत, आणि आले तरी त्यावर करण्याजोगे फारसे काही हाती नसे. आज तसे राहिलेले नाही. हजारो कोसांवरच्या एखाद्या राजधानीत मोर्च्यावर लाठी चालते आणि त्याच संध्याकाळी ती आपल्या दिवाणखान्यात दिसते. इतकेच नव्हे, तर त्या दृश्याच्या खालीच पैसे पाठवण्याची सोयही असते. मन हेलावते, बोट पुढे होते आणि काही क्षणांत एका देशातल्या नागरिकाचा पैसा दुसऱ्या देशातल्या आंदोलनाच्या खात्यात जमा होतो. मधल्या मध्ये विचाराला फुरसत मिळतेच असे नाही. ती मिळावी म्हणून आम्ही हा विषय आज पहिल्या पानावर घेतला आहे.

परदेशातील चळवळीस नागरिकाने पैसा द्यावा काय, या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर व्यवहारी म्हणवणाऱ्यांचे. घरचे थोडे झाले म्हणून लष्कराच्या भाकरी भाजायला निघालात काय, असे ते विचारतात; ज्याचे भांडण त्याने भांडावे, परक्याने त्यात तेल ओतू नये, हा त्यांचा सिद्धान्त. दुसरे उत्तर भावनाशीलांचे. अन्यायाला सीमा नसते, म्हणून माणुसकीलाही ती असू नये. जेथे माणूस चिरडला जात असेल तेथे आपला रुपया पोहोचलाच पाहिजे, असे ते म्हणतात. आमच्या मते दोन्ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. पहिले खरे मानले तर आपल्याच इतिहासातील एक उज्ज्वल पान फाडून टाकावे लागेल. दुसरे खरे मानले तर परक्या पैशाने जळालेल्या घरांकडे डोळेझाक करावी लागेल. द्यावे की न द्यावे, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. दिलेल्या पैशाबरोबर आणखी काय जाते, हा खरा प्रश्न आहे.

ते उज्ज्वल पान दक्षिण आफ्रिकेचे आहे. ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आली, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्या सभेने ती न मानण्याची शपथ घेतली. पुढे शेकडो लोक तुरुंगात गेले. त्यांत फेरीवाले होते, लहान दुकानदार होते, मजूर होते. कर्ता माणूस तुरुंगात गेला की घरची चूल विझते. आणि चूल विझली की कितीही मोठ्या शपथेला तडा जाऊ लागतो. १९०९ च्या अखेरीस चळवळीची गंगाजळी आटत आली असताना मुंबईहून पंचवीस हजार रुपयांची देणगी गेली. ती देणारे गृहस्थ म्हणजे जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा. आजच्या पिढीला ठाऊक असलेले त्याच नावाचे उद्योगपती नव्हेत. पुढील काही वर्षांत त्यांच्या देणग्यांची बेरीज सव्वा लाखापर्यंत गेली. त्या काळच्या सव्वा लाखाचे मोल वाचकांस सांगावयास नकोच.

हा पैसा कशावर खर्च झाला, हे पाहण्यासारखे आहे. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांना दरमहा मदत द्यावी लागे. ती मदत गरजेप्रमाणे कमीजास्त होई आणि त्यात लबाडीलाही वाव राही. तेव्हा हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राने १९१० साली जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची सुमारे अकराशे एकर जमीन विनामोबदला वापरावयास दिली आणि गांधींनी तेथे टॉलस्टॉय फार्म वसवले. सत्याग्रहींची कुटुंबे एकत्र राहू लागली, एकाच स्वयंपाकघरात जेवू लागली, शेती, सुतारकाम आणि चपला शिवणे शिकू लागली. देणगीच्या एकेका पौंडाचे आयुष्य त्यामुळे कितीतरी वाढले. आणि त्या पैशाचे पुढे काय झाले, हे गांधींनी १९१२ साली रतन टाटांना जाहीर पत्र लिहून जगाला सांगितले. खाजगी पत्रात आभार मानून त्यांना मोकळे होता आले असते. परंतु सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिकच असला पाहिजे, ही त्यांची शिस्त होती.

या कथेचा दुसरा नायक आपल्या पुण्याचा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, तेथील हिंदी वस्त्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आणि मंत्र्यांच्या गाठी घेतल्या. मुदत संपलेल्या वेठबिगार मजुरांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द होईल, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली. तो रद्द झाला नाही, आणि १९१३ मध्ये लढा पुन्हा पेटला. या खेपेस हिंदुस्थानकडून पैशाची अपेक्षा नाही, आपण प्रकृती सांभाळावी, अशा आशयाचे गांधींनी गोखल्यांस कळवले. त्यावर गोखल्यांनी जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की तुमचे कर्तव्य जसे तुम्हांस कळते तसे आमचे आम्हांस कळते. आम्ही काय करावे याचा सल्ला आम्ही मागितलेला नाही. मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन हा मनुष्य मग देशभर निधीसाठी झटला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजार सदतीस पुरुष, एकशे सत्तावीस स्त्रिया आणि सत्तावन्न मुले यांना घेऊन गांधी ट्रान्सवालच्या सीमेकडे निघाले. पाठोपाठ नाताळच्या ऊसमळ्यांतले हजारो मजूर संपावर गेले. त्या सर्वांच्या भाकरीचा भार प्रामुख्याने हिंदुस्थानातून गेलेल्या पैशाने उचलला.

परंतु आमच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाचा प्रसंग याच्याही पुढचा आहे. आफ्रिकेच्या सरकारने चौकशी समिती नेमली. तीवर हिंदी लोकांच्या विश्वासाचा एकही सभासद नव्हता, म्हणून गांधींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला. गोखल्यांना हे पसंत पडले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींची उघड बाजू घेतली होती. आता समितीपुढे साक्ष न दिल्यास त्यांची आणि आपलीही अडचण होईल, असे गोखल्यांनी कळवले. निधी त्यांनी जमवलेला, प्रतिष्ठा त्यांनी पणाला लावलेली, आणि गांधी त्यांना गुरुस्थानी मानणारे. इतके असूनही आफ्रिकेतून उत्तर आले, की प्रतिज्ञा घेतली आहे, ती मोडता येत नाही. गोखल्यांना वाईट वाटले. त्यांनी मदत मात्र थांबवली नाही. पैशाचा दोर आखडून निर्णय बदलवण्याचा मोह त्यांना झाला असता तर तो मनुष्यस्वभावाला धरूनच झाला असता. तो त्यांनी होऊ दिला नाही. १९१४ साली तीन पौंडांचा कर गेला, हिंदी विवाहांना मान्यता मिळाली, आणि पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले.

दात्याचा धर्म कोणता, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. लाठी ज्यांच्या पाठीवर पडते, तुरुंगाचे दार ज्यांच्यामागे बंद होते आणि लढा हरल्यास ज्यांना त्याच गावात, त्याच सत्तेखाली उरलेले आयुष्य काढावयाचे असते, निर्णय त्यांचाच असला पाहिजे. पैसा पाठवणारा सायंकाळी सुखरूप घरी जेवतो. त्याने सल्ला द्यावा, नापसंती कळवावी, पटत नसेल तर पुढची देणगी देऊ नये. पण उंटावरून शेळ्या हाकू नयेत.

अमेरिकेतील आयरिश लोकांनी हाकल्या, आणि त्याचा हिशेब फार महाग पडला. उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक लोकांवरचा अन्याय खोटा नव्हता. घरे, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी या सर्वांत त्यांना डावलले जात होते, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी नागरी हक्कांची चळवळ सुरू केली ती न्याय्यच होती. पुढे ठिणग्या पडल्या, बंदुका बाहेर आल्या, आणि १९७० साली न्यूयॉर्कमध्ये ‘नोरेड’ या नावाने ओळखली जाणारी मदतसंस्था स्थापन झाली. तुरुंगातील माणसांच्या कुटुंबांसाठी हा निधी आहे, असे ती सांगे. न्यूयॉर्क, बॉस्टनच्या मद्यगृहांतून डबे फिरत, मेजवान्या झडत, जुनी गाणी म्हटली जात आणि डोळ्यांत पाणी आणून लोक डॉलर टाकीत. यांतला पैसा शस्त्रांकडे वळतो, असा आरोप ब्रिटिश, आयरिश व अमेरिकी सरकारे वर्षानुवर्षे करीत राहिली. संस्थेने तो कधी मान्य केला नाही. तथापि १९८१ मध्ये अमेरिकेच्याच न्यायालयाने आपण आयरिश रिपब्लिकन आर्मीचे हस्तक आहोत अशी नोंदणी करण्याचा आदेश तिला दिला. १९९८ च्या एप्रिलमध्ये करार होईतो त्या इवल्याशा प्रदेशात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली.

बॉस्टनमधल्या देणगीदाराच्या मनात आयर्लंड होते, पण ते त्याच्या आजोबांनी सांगितलेले आयर्लंड होते. बेलफास्टच्या रस्त्यावरून मुलाला शाळेत पोहोचवणाऱ्या बाईचे आयर्लंड त्याने पाहिलेले नव्हते. तिला तडजोड हवीशी वाटू लागली तरी त्याला वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या खिडकीची काच कधी फुटलीच नव्हती. परदेशस्थ बांधवांचा पैसा बहुधा जहालांच्या मागे जातो तो यामुळेच. श्रीलंकेतील तमिळांच्या बाबतीत तर पुढची पायरी गाठली गेली. टोरोन्टो, लंडन येथे स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबांकडून ‘लिट्टे’साठी पैसा कसा दमदाटीने उकळला जात होता, याचा वृत्तान्त ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. जेथे नाही म्हणण्याची सोय नाही तेथे दान संपते आणि खंडणी सुरू होते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. हिशेब उघडा हवा असे तुम्ही म्हणता. पण जुलमी सरकारच्या नाकासमोर उघडा हिशेब कसा ठेवावा? या आक्षेपाला उत्तर पुन्हा दक्षिण आफ्रिकाच देते. १९५६ च्या डिसेंबरात वर्णद्वेषी सरकारने एकशे छप्पन्न जणांवर राजद्रोहाचा खटला भरला, तेव्हा लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील धर्मगुरू जॉन कॉलिन्स यांनी आरोपींच्या वकिलांसाठी व कुटुंबांसाठी निधी उभारला. खटला चार वर्षांहून अधिक चालला आणि १९६१ च्या मार्चमध्ये शेवटचे आरोपीही निर्दोष सुटले. १९६६ मध्ये त्या सरकारने या निधीच्या आफ्रिकेतील शाखेवर बंदी घातली. तेव्हा मदतीचा मार्ग बदलला. इंग्लंडातील साध्यासुध्या गृहिणी, शिक्षिका, निवृत्त गृहस्थ आफ्रिकेतील एकेका कैद्याच्या कुटुंबाला ओळखीच्या माणसाने लिहावे तशी पत्रे लिहू लागले, आणि त्या पत्रांबरोबर पैसे जाऊ लागले. ते मुळात कोठून येतात हे घेणाऱ्यास ठाऊक नसे. ठाऊक असते तर त्यानेच ती बाई तुरुंगात गेली असती. १९९१ मध्ये काम आटोपेपर्यंत सुमारे दहा कोटी पौंड अशा रीतीने पोहोचले.

हा पैसा गुप्त होता, तरी आम्ही त्याला नोरेडच्या पैशाच्या पंक्तीस बसवणार नाही. ज्याच्यापासून लपवायचे तो जुलूम करणारा होता आणि लपवण्याचे कारण घेणाऱ्याचे संरक्षण हे होते. पैसा वकिलाच्या फीकडे, भाड्याकडे, मुलांच्या शाळेकडे गेला. एकाही पत्रलेखिकेने, अमुक केलेत तरच पुढचे पैसे येतील, असे लिहिले नाही. गुप्तता दोन प्रकारची असते. एक घेणाऱ्याला वाचवते, दुसरी वाटेत पैसा फिरवणाऱ्याला वाचवते. पहिली क्षम्य, प्रसंगी आवश्यकही. दुसरी सर्वथा त्याज्य.

आता अगदी अलीकडच्या उदाहरणाकडे वळू. २०२२ च्या जानेवारीत कॅनडातील काही ट्रकचालक, अमेरिकेच्या सीमेवरून ये-जा करणाऱ्यांना लावलेल्या लससक्तीच्या विरोधात, ओटावा या राजधानीत गाड्या घेऊन शिरले. सुमारे तीन आठवडे शहराचा मध्यभाग अडून राहिला. दिवसरात्र भोंगे वाजत राहिले. विंडसर येथील ॲम्बॅसेडर पुलावरची अमेरिकेशी चालणारी वाहतूकही काही दिवस रोखली गेली. या आंदोलनासाठी ‘गोफंडमी’ या संकेतस्थळावर एक कोटी कॅनेडियन डॉलर जमले. ४ फेब्रुवारीस त्या कंपनीने निधी थांबवला, तेव्हा ‘गिव्हसेंडगो’ या दुसऱ्या संकेतस्थळावर तसाच ओघ सुरू झाला. १० फेब्रुवारीस ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने तो पैसा गोठवला. पुढे तीन-चार दिवसांतच कोणी चोरवाटेने त्या स्थळाच्या दप्तरात शिरून नव्वद हजारांहून अधिक देणगीदारांची नावे चव्हाट्यावर टाकली. त्या यादीतले निम्म्याहून अधिक देणगीदार अमेरिकेतले निघाले. रकमेच्या बाबतीत मात्र कॅनडावासीच पुढे होते. १४ फेब्रुवारीस पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने आणीबाणीचा कायदा लागू केला आणि न्यायालयाच्या हुकमावाचून सुमारे दोनशे ऐंशी बँकखाती गोठवली.

या प्रकरणातून कोण शहाणे होऊन बाहेर पडले? देणगीदार नव्हेत. जमलेल्या पैशापैकी बहुतेक एकतर परत गेला किंवा न्यायालयाच्या ताब्यात अडकला. नावे उघड झाल्याने काहींच्या नोकऱ्या गेल्या, आणि एका दुकानमालकिणीला धमक्यांमुळे आपले आइस्क्रीमचे दुकान काही काळ बंद ठेवावे लागले. आंदोलकही नव्हेत. त्यांतल्या पुष्कळांची तक्रार अस्सल असताना, हे परक्यांनी रचलेले नाटक आहे, असे म्हणण्याची सोय त्यांच्या विरोधकांना मिळाली. सरकारही नव्हे. चौकशी आयोगाने २०२३ मध्ये त्याची बाजू उचलून धरली खरी. पण २०२४ च्या जानेवारीत कॅनडाच्या फेडरल न्यायालयाने आणीबाणीची ती घोषणा अवाजवी ठरवली आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. परक्या पैशाची भीती दाखवून सरकार आपल्याच नागरिकांच्या खिशाला कुलूप लावू शकते, हा धडा लोकशाही म्हणवणाऱ्या प्रत्येक देशाने गिरवावा असा आहे.

आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट आठवत असेल. त्याच्या सव्वा वर्ष आधी, दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू झाले, तेव्हा शांततामय निदर्शनांच्या हक्काचा कॅनडा पाठीराखा आहे, असे उद्गार याच ट्रूडो यांनी काढले होते. भारत सरकारने कॅनडाच्या उच्चायुक्तांना बोलावून घेऊन त्याबद्दल कडक नापसंती कळवली. परदेशस्थ भारतीयांनी त्या आंदोलकांना पाठवलेल्या मदतीबद्दलही आपल्याकडे पुष्कळ संशय व्यक्त झाला. काळाचा न्याय असा, की वर्ष-सव्वा वर्षात दोन्ही सरकारांच्या तोंडची वाक्ये जवळजवळ अदलाबदल होण्याजोगी झाली. दुसऱ्याच्या अंगणातील आंदोलन म्हणजे लोकशाहीचा आविष्कार आणि आपल्या अंगणातील आंदोलन म्हणजे परक्यांचे कारस्थान, ही सरकारांची जुनी खोड आहे. नागरिकांना मात्र ती शोभत नाही. जो न्याय आम्ही दुसऱ्या देशास लावू तोच स्वतःच्या देशास लावू, असे म्हणण्याची ज्याची तयारी नाही त्याने बाहेर दमडीही पाठवू नये.

आपल्या कायद्याचा इतिहासही या दृष्टीने बोलका आहे. परकीय देणग्यांवर निर्बंध घालणारा पहिला कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीच्या ऐन मध्यावर झाला. ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग तेव्हा रोज कानी पडे, आणि विरोधक तुरुंगात असताना इंग्लंड-अमेरिकेतील भारतीय त्यांच्या बाजूने आवाज उठवीत होते. २०१० मध्ये नवा कायदा आला, २०२० च्या दुरुस्तीने तो अधिक आवळला गेला, आणि सगळा परकीय पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील एकाच शाखेतून येण्याची सक्ती झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्याच न्यायालयाने २०२० च्या मार्चमध्ये असेही सांगितले होते, की सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेने हरताळ वा बंद यांसारख्या मार्गाने लोकांच्या प्रश्नाला पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिला राजकीय ठरवता येणार नाही. आणि राजकीय पक्षांचे काय? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये काँग्रेस व भारतीय जनता पक्ष या दोघांनीही परकीय देणग्यांचा कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा संसदेने २०१६ व २०१८ च्या वित्त विधेयकांतून त्या व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने, थेट १९७६ पर्यंत मागे नेऊन बदलल्या. संस्थांना चाळणी आणि पक्षांना पायघड्या, हा न्याय आम्हांस कधीही समजलेला नाही.

येथे गोव्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा त्यांच्यामागे सारा महाराष्ट्र उभा होता. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती होती. गावोगावी पैसा, शिधा, कपडे जमत होते. लिस्बनच्या दृष्टीने ही परक्या देशाने चालवलेली उघड ढवळाढवळ होती. आम्ही म्हणत होतो, गोवा परका नाहीच. आमचे म्हणणे खरे होते. पण परका कोण हे नेहमी सत्ताच ठरवते, आणि ती नेहमी बरोबर ठरवते असे नाही, हेही त्या प्रसंगाने शिकवले. आणखी एक गोष्ट त्या पिढीने दाखवली. तिने पैशाबरोबर माणसेही पाठवली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या झेलणारी अंगे याच बाजूने गेलेली होती. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली. जोखीम वाटून घेणाऱ्याच्या शब्दाला जे वजन येते ते पैसे पाठवून बाजूला होणाऱ्याच्या शब्दाला येत नाही, आणि येऊही नये.

आजचा साधा नागरिक सीमा ओलांडून सत्याग्रहाला जाऊ शकत नाही. म्हणूनच त्याची जबाबदारी वाढते. आपला रुपया घेणाऱ्याला गोत्यात तर आणणार नाही ना, हे त्याने पाहिले पाहिजे. हाँगकाँगमध्ये २०१९ च्या आंदोलनातील अटक झालेल्यांना व जखमींना मदत करण्यासाठी एक निधी उभा राहिला होता. त्याच्या विश्वस्तांत वयाची नव्वदी गाठलेले कार्डिनल जोसेफ झेन होते. निधीची रीतसर नोंदणी केली नाही, एवढ्या कारणावरून २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दोषी ठरवून दंड करण्यात आला. तेथे २०२० पासून परकीयांशी संगनमत हा गंभीर गुन्हा आहे. अशा ठिकाणी बाहेरून आलेली उत्साही देणगी म्हणजे फिर्यादी पक्षाच्या हातात दिलेला पुरावा होऊ शकते. आपण आपल्या समाधानासाठी द्यावे आणि त्याची किंमत दुसऱ्याने तुरुंगात मोजावी, याला दान म्हणत नाहीत.

मग करावे काय? आपल्या देशातील कायदा नागरिकाला बाहेर पैसा पाठवण्याची मुभा देतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतच्या मर्यादेत देणगीही बसते. दहशतवादी कृत्यासाठी पैसा पुरवणे हा मात्र, ते कृत्य कोणत्याही देशात घडो, गुन्हाच आहे, आणि तो असलाच पाहिजे. तेव्हा पहिली गोष्ट ही, की पैसा बँकेच्या रस्त्यानेच जावा. कोणाच्या पिशवीतून, कोणाच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकरवी जाऊ नये. दुसरी गोष्ट, तो माणसांकडे जावा: जखमीच्या औषधाकडे, कैद्याच्या वकिलाकडे, त्याच्या मुलांच्या ताटाकडे. घोषणा, ध्वनिक्षेपक आणि पुढाऱ्यांचा प्रवास यांचा खर्च त्या देशातील लोकांनीच सोसावा; ते सोसत नसतील तर ती चळवळ त्यांना हवी आहे की नाही याचीच शंका घ्यावी. तिसरी गोष्ट, हिंसेचा नुसता वास आला तरी हात आखडावा. आणि चौथी, हिशेब मागावा.

ही चौथी गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या शिक्षकी पेशातील एक आठवण येथे सांगावीशी वाटते. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही वर्गावर्गांतून निधी गोळा करीत होतो. पाचवीतल्या एका मुलाने दोन रुपये दिले आणि पावती मागितली. वर्ग हसला, खरे सांगायचे तर क्षणभर आम्हीही हसलो. त्याला राग आला नाही. घरी बाबांना दाखवायची आहे, एवढेच तो म्हणाला. आम्ही त्याला दोन रुपयांची पावती लिहून दिली, आणि मग सगळ्या वर्गालाच द्यावी लागली. त्या संध्याकाळी पावतीपुस्तक संपले. पण शाळेने गोळा केलेल्या पैशाचा मेळ त्या वर्षी पैशापैशाने जमला. ज्याने विश्वास टाकला आहे त्यालाच पावती मागण्याचा अधिकार असतो. आणि जो ती द्यायला कचरतो त्याच्या हाती, मग तो गल्लीतला असो वा सातासमुद्रापलीकडचा, पैसा न देणेच शहाणपणाचे.

सरकारकडूनही आमची अपेक्षा आहे. नागरिकाचा पैसा कोठे जातो यावर नजर ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे; पण कोणते परदुःख आपल्या नागरिकास स्पर्श करावे हे ठरवण्याचा नाही. नियम स्पष्ट असावेत, सर्वांस सारखे असावेत, आणि नाकारण्याचे कारण लेखी द्यावे. खाते गोठवावयाचे तर न्यायाधीशापुढे जावे. आपल्याकडे येणाऱ्या पैशाबद्दल जी कसोटी, तीच येथून जाणाऱ्या पैशाबद्दल. आणि संस्थांना जी, तीच पक्षांना. एवढे झाले तर ‘परकीय हात’ या जुनाट बुजगावण्याची गरज उरणार नाही.

दान कोणत्या स्थळी, कोणत्या काळी आणि कोणाच्या हाती पडते यावर त्याची प्रत ठरते, आणि परतफेडीची आशा धरली की ते उणे होते, हा विचार आपल्या परंपरेत जुनाच आहे. परदेशातील चळवळीस दिलेल्या पैशाच्या बाबतीत परतफेडीची आशा रुपयांची नसते, हुकमतीची असते. आपले ऐकावे, आपल्या मनाप्रमाणे लढावे, आपल्याला हवे तेव्हा थांबावे, अशी ती सूक्ष्म आशा असते. तीच सोडावयास हवी. १९१४ च्या प्रारंभी पुण्यातील एका आजारी माणसाचा सल्ला आफ्रिकेतील त्याच्या शिष्याने मानला नाही, आणि तरीही पैसे जात राहिले. पैसे पाठवण्यापूर्वी आपणही असेच वागू की नाही, हे आमच्या वाचकांनी स्वतःस विचारावे. उत्तर होय असेल तर खुशाल पाठवावे. नसेल तर तो रुपया घरीच ठेवावा. येथेही मार खाणारे आणि पावती मागणारे लोक पुष्कळ आहेत.